एक हाक, दोन नातवंडं

सन २०२३. माझं वय एकाहत्तर. डिसेंबर चालू होता, धान चुरून घरात आलं होतं, आणि आमच्या मधल्या खोलीत दोन नातवंडं अशी झोपत होती की छपराचे कवेलू उडाले असते तरी त्यांनी गोधडी वर ओढून घेतली असती.

नात दहावीत, नातू आठवीत. दोघांची शाळा आमगावला, सकाळची. गावातून बस साडेसहाला निघते. ती हुकली की दुसरी थेट अकरानंतर, म्हणजे शाळा सुटायच्या टायमाला. सायकलीनं जावं तर मधात जंगलाचा पट्टा, आणि त्या साली तिथं अस्वल फिरत होतं. तर बस गेली म्हणजे शाळा गेली, एवढी सरळ गोष्ट होती.

मुलगा राइस मिलच्या ट्रकवर ड्रायव्हर. आज रायपूर, उद्या नागपूर. घरी आला तरी झोपायलाच येतो, त्याच्याकडून कोणाला उठवण्याची काय आशा करायची? पोरांना उठवत होती ती आमची सून. आणि नेमकं तिलाच जायचं होतं.

सुनेनं कित्येक वर्षं गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केलं. खिचडी शिजवली, लेकरांची नाकं पुसली, दुसऱ्या बाईनं खुर्चीवर बसून सांगायचं आणि हिनं करायचं. आता कुठं तिचं सेविकेसाठी नाव लागलं होतं. त्याच्यासाठी गोंदियाला महिनाभराचं ट्रेनिंग होतं, मुक्कामी. ते केलं नाही तर जागा दुसरीला जाणार होती, आणि ती दुसरी तयारच बसली होती. जायच्या दिवशी सून बॅग भरून पायरीवर बसली, उठेचना.

"काय झालं?" मी विचारलं.

"मामाजी, मी नाही जात."

"काऊन?"

"पोरायले सकाळी उठवंल कोण?"

आता इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी चौथी शिकलो. पुढं शाळा नव्हती असं नाही, मला जायचं नव्हतं. पण या गावात माझा शब्द चालतो तो पाणकर म्हणून. आमचा तलाव जुना, माझ्या आज्याच्याही आधीचा. त्याचं पाणी खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, पाळीपाळीनं जातं. कोणाला केव्हा सोडायचं, केव्हा तोडायचं, हे पाहायला गाव एक माणूस ठरवतं, तो पाणकर. मी वीसेक वर्षं होतो. कोणाची पाळी पहाटेची असली तर त्याच्या दारात जाऊन मी हाक मारायचो. एकच. दुसरी मारली की माणूस तिसरीची वाट पाहत झोपतो, हे मी पहिल्याच वर्षी ओळखलं. उठला तर पाणी त्याचं, नाही तर पुढच्याचं. सुरुवातीला भांडणं झाली, एक जण तर कुऱ्हाड घेऊन दारात आला होता. त्याला मी म्हटलं, कुऱ्हाड घेऊन येतोस तर पाळीलाही येत जा. पुढं पुढं असं झालं की मी गल्लीत नुसता खोकललो तरी चार घरांत दिवे लागत.

म्हणून मी सुनेला म्हटलं, "तू जा. अख्खं गाव उठवलं मी, हे तर दोन लेकरं."

चुलीपाशी आमची म्हातारी हसली. मोठ्यानं नाही, नाकातून. "आयकलं न मी," ती म्हणाली. "बोलले तुम्ही, उठवा तुम्ही. मले मधात घेऊ नोका. मी डबे करून देईन. माह्ये गुडघे मले उठू देते थेच लई झालं."

सून गेली.

सोमवारी पहाटे मी अंघोळ करून, डोक्याला मफलर गुंडाळून, मधल्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि हाक मारली. चांगली मारली. शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. नातवाची काही हालचाल नाही. नातीनं गोधडीतून एक बोट बाहेर काढलं. ऐकलं, असा त्याचा अर्थ मी लावला आणि समाधानानं अंगणात शेकोटीपाशी येऊन बसलो.

"उठले का?" म्हातारीनं विचारलं.

"हाक मारली."

"उठले का म्हून विचारून राहिलो मी."

"हाक मारली म्हटलं न."

थोड्या वेळानं नाक्यावर बसचा हॉर्न वाजला. म्हातारी कमरेवर हात देऊन माझ्याकडं पाहत होती. "आणखी एक हाक मारली तर जीभ झिजंल का तुमची?"

"नियम आहे."

"नियम घाला चुलीत. बस चालली."

बस गेली. मी जागचा हललो नाही. उजेड चांगला वर आल्यावर नातू डोळे चोळत बाहेर आला.

"आबाजी, आज शाळा नाही का?"

"होती. तुमची पाळी गेली."

"गेली? पक्की गेली?"

"पक्की."

"मंग उद्याही अशीच एकच हाक मारजा," असं म्हणून तो परत आत गेला, आणि मी कान देऊन ऐकलं, खरंच परत झोपला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाण्याची पाळी गेली की माणूस बोंबलतो, कारण त्याचं धान वाळतं. शाळेची पाळी गेली तर या दोघांचं काय वाळणार होतं? उलट त्यांना ओलावाच. माझा नियम चुकीचा नव्हता, पोरं चुकीची होती.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. "गेले होते का मामाजी?"

"नाही गेले."

ती म्हणाली, "पोरीचं दहावीचं वर्ष आहे. मी शनिवारपर्यंत पाहतो. नाही जमलं तर सामान घेऊन येतो. राहू द्या थे ट्रेनिंग."

"कायले? एक दिवस झाला आहे."

"एक दिवस झाला म्हूनच सांगून राहिलो."

तिचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. तो आवाज अशा माणसाचा होता ज्यानं आधीच मनातल्या मनात बॅग भरली आहे. मी म्हातारीला काही सांगितलं नाही, पण त्या रात्री मला भात गोड लागला नाही.

मंगळवारी मी विचार केला की यांना काहीतरी गमवायला पाहिजे. आमच्याकडं डिसेंबरात पहाटेचं पाणी अंगावर घेणं म्हणजे चेष्टा नाही. मी चुलवणावर एकच गंज, म्हणजे एक मोठं पातेलं, पाणी तापवलं आणि आदल्या सांजेलाच जाहीर केलं, जो आधी उठेल त्याला गरम, मागून येईल त्याला टाकीतलं. झालं. पहाटे हाक मारली आणि गंजापाशी थांबलो. पाणी उकळलं, निवालं, मी पुन्हा लाकडं सारली, पुन्हा उकळलं. शेवटी नातवाचा आवाज आला, "ताई, जाय न तू. गरम घे."

"तू जाय. मी लहान्याले मान देऊन राहिलो."

"मले नाही पाह्यजे."

"मलेही नाही."

"आबाजीऽ," नातू ओरडला, "आमची दोघांची अंघोळ कॅन्सल!" आणि दोघंही आनंदानं परत झोपली. ते पाणी शेवटी म्हातारीनं गुडघ्यांवर घेतलं. म्हणाली, रोज तापवत जा, मले बरं वाटते.

बुधवारी मोबाइल लपवला. मुलाचा जुना, काच फुटलेला मोबाइल घरी असतो, अभ्यासासाठी म्हणून. तो मी धानाच्या पोत्यांमागं ठेवला. माझं गणित असं की मोबाइलमुळं पोरं उशिरा झोपतात म्हणून उशिरा उठतात. मोबाइल नाही म्हटल्यावर दोघं आठ वाजताच झोपली. आणि उठली तेव्हाच जेव्हा नेहमी उठत होती. उलट झोप जास्त झाल्यानं चेहरे असे टवटवीत दिसत होते की मला त्याचाच राग आला.

गुरुवारी जे झालं ते गावात अजून सांगतात, आणि चुकीचं सांगतात, म्हणून इथं बरोबर लिहून ठेवतो.

मी ठरवलं, नातू बसपर्यंत जात नाही तर त्याला बसपर्यंत न्यायचं. नातू बाजेवर झोपतो. बाज हलकी, पोरगा वाळका. मी शेजारच्या घरच्या माणसाला उठवलं, तोही माझ्या एका हाकेत उठणारा, जुना शेतकरी. दोघांनी बाज उचलली, एक टोक त्यानं, एक मी, आणि निघालो नाक्याकडं. बाहेर धुकं. पोराच्या नाकाला गार लागू नये म्हणून मी चादर त्याच्या तोंडावरून ओढून दिली होती. ही चादर पांढरी होती.

आता तुम्हीच विचार करा. पहाट, धुकं, दोन म्हातारे मान खाली घालून चालले आहेत, मधात बाज, बाजेवर पांढऱ्या चादरीखाली माणूस. माझ्या डोक्यात फक्त बस होती, हे दुसरं काही आलंच नाही. कोपऱ्यावरच्या घरची म्हातारी सडा टाकत होती. तिच्या हातची बादली पडली आणि तिनं जो गळा काढला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. "अव माय व, कोन गेलं व!" दारं उघडली. माणसं बाहेर आली, एकानं टोपी काढली, दोघं जण धावत खांदा द्यायला आले. मी म्हणतो आहे, "अरे शाळेत नेऊन राहिलो, शाळेत!" पण ऐकतो कोण?

त्या कल्लोळानं नातू उठला. चादर बाजूला करून बसला आणि म्हणाला, "काय झालं?"

सडा टाकणारी म्हातारी तिथंच खाली बसली. खांदा द्यायला आलेल्या एकानं बाज सोडली, आणि बाजेसकट नातू रस्त्यावर. बस येऊन उभी होती. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघं खाली उतरून पोट धरून हसत होते. नातू बनियनवर, अनवाणी, घराकडं जो पळाला तो थांबला नाही. आणि नात? एवढा गोंधळ होऊन ती उठलीच नव्हती. बस निघून गेली.

घरी आलो तर म्हातारीनं न मागता चहा पुढं ठेवला. हे वाईट लक्षण असतं.

गावातून कोणीतरी गोंदियाला फोन केला. दुपारी सुनेचा आला. आधी रडली, मग ओरडली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. "मले सांगितलं का तुमच्या घरून मयत निघाली! मी वर्गातून उठून पळालो मामाजी!" मग ती शांत झाली आणि म्हणाली, "मी बॅग भरून राहिलो. उद्या दुपारच्या गाडीनं येतो. शनिवार नाही आणि काही नाही."

फोन बंद झाला. मी अंगणातल्या धानाच्या तणशीच्या ढिगामागं जाऊन बसलो. माझ्या हट्टापायी तिची जागा जाणार होती. पुन्हा खिचडी, पुन्हा नाकं, आणि खुर्चीवर ती दुसरी. मी दिलेला शब्द चार दिवसांतच पडला होता. मग नातवाला बोलावलं, फोन लावून घेतला आणि त्याला हाकललं.

"ऐक," मी सुनेला म्हटलं. "एक विचारतो." सुनेला काही विचारायची ही माझी पहिलीच वेळ. मी तिला सांगत आलो, विचारत नाही. "तू त्यायले उठवत कशी होतीस?"

ती म्हणाली, "मी नाही उठवत मामाजी."

"म्हणजे?"

"मी त्यायच्या खोलीत झाडू मारतो अन् चुकीचं बोलतो."

मला वाटलं फोन खराब आहे. "काय करतेस?"

"चुकीचं बोलतो. आता पोरगा, त्याले इमानाचं वेड. बिरसीच्या इमानतळावरची शिकाऊ इमानं घरावरून जाते न, तर मी झाडता झाडता आपल्याच मनाशी म्हणतो, काल हेलिकॉप्टर किती खालून गेलं व माय. थो पडल्यापडल्या म्हणते, मम्मी, हेलिकॉप्टर नाही होय थे. मी म्हणतो, हेलिकॉप्टरच होतं, मले काय डोळे नाही का? मंग थो उठून बसते मले समजावून सांगाले. एकदा बसला का झालं."

"आणि पोरगी?"

"तिच्यापाशी अभ्यासातलं काहीही उलटं बोला. आग लागते तिले."

"पण त्यायले समजत नाही का, तू मुद्दाम बोलून राहिली म्हून?"

"समजते न. रोजच समजते. पण राहवत नाही. चूक आयकूनच घेता येत नाही त्यायले." मग ती हसली, त्या आठवड्यातलं पहिलं हसू. "कोनाच्या घरचे आहेत?"

मी विषय बदलला. "उद्याची सकाळ जाऊ दे," म्हटलं. "उद्याही नाही गेले तर मीच गोंदियाला येतो तुझी बॅग उचलायला. तोपर्यंत वर्गात बस."

"उद्याचीच फक्त," ती म्हणाली.

ऐकायला सोपं वाटतं. पण मी विचार करू लागलो तर दोन अडचणी. एक, अभ्यासातलं चुकीचं बोलायला आधी बरोबर माहीत पाहिजे. नातीच्या गणिताचं पुस्तक उघडून पाहिलं, त्यातलं मला बरोबर कोणतं तेच कळेना, तर उलटं काय बोलणार? दुसरी अडचण मोठी. मी जाणूनबुजून चुकीचं कधी बोललोच नाही. चुकून बोललो असेन, पण तेही मी कबूल करत नाही. आणि आता पहाटे उठून, माझ्या घरात, मोठ्यानं चुकीचं बोलायचं, ते ऐकून पोरांनी मला दुरुस्त करायचं, आणि ते मी सहन करायचं!

विमानाचं जमण्यासारखं होतं. नातीचं काय? तिच्याबद्दल मला पक्कं माहीत अशी एकच गोष्ट होती, कबड्डी. दिवाळीआधी आमगावच्या मैदानावर तिच्या शाळेचा सामना होता आणि मी पाहायला गेलो होतो. शेवटची चढाई हिची. तिघींनी पकडली, पाय धरले, ही पालथी पडली आणि सरपटत सरपटत दोन बोटं मधल्या रेषेला लावली. मी रेषेच्या समोरच बसलो होतो. बोटं लागली. पंचानं बाद दिलं. मी मैदानात गेलो. सामना थांबला. पंच म्हणे, आजोबा, बाहेर जा. मी म्हटलं, तुला दिसत नाही तर तू जा बाहेर. शेवटी शाळेच्या सरांनी मला हाताला धरून नेलं. एका गुणानं हरलो. तेव्हापासून आमच्या घरात ती बाद होती असं कोणी बोललेलं नाही, आणि बोललं असतं तर मी त्याला घरात ठेवलं नसतं.

म्हातारीला सांगितलं. सांगावंच लागलं, एकटा किती बोलणार? ती म्हणाली, "हे मी करतो. याच्यासाठी मी गुडघे दुखले तरी येतो."

शुक्रवारी पहाटे आम्ही दोघं मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो. मी विडी पेटवली आणि म्हटलं, "काल आपल्या घरावरून हेलिकॉप्टर गेलं पाहा."

"हाव जी," म्हातारी म्हणाली. "हेलिकॉप्टरच. लांब पंखाचं."

बाजेवर हालचाल झाली. "आजी, लांब पंखाचं हेलिकॉप्टर राहते का?"

"राहते न. तू गप झोप. तुह्या जन्माच्या आधीपासून पाहून राहिलो मी."

"अव, थे ट्रेनर इमान होय! समोर एक पंखा फिरते त्याले," आणि नातू उठून बसला, हातानं पंखा फिरवून दाखवू लागला.

नात मात्र गोधडीत. बोटही बाहेर नाही. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. म्हातारीनं मला कोपर मारलं.

"त्या सामन्यात," मी विडी विझवत म्हटलं, "पंचाचंच बरोबर होतं. आपली पोरगी बाद होती."

गोधडी अशी उडाली की ती नातवाच्या डोक्यावर जाऊन पडली.

"आबाजी!" ती आपल्या बाजेवर उभीच राहिली, केस मोकळे, डोळे लाल. "काय बोलून राहिले तुम्ही? तुम्ही सोता पाह्यलं! माह्यी दोन बोटं लागली होती!"

"नव्हती लागली. चार अंगुळं दूर होती."

"चार अंगुळं! मंग भांडले कायले तुम्ही पंचासंग?"

"तेव्हा मले नीट दिसलं नव्हतं."

"याह्यले चाळीसाव्या बांधीतलं खेकड्याचं बीळ दिसते," ती आजीकडं वळून म्हणाली, "अन् समोरची रेषा नाही दिसली म्हणे!" मग तिनं खाली उडी मारली, चुलीतला कोळसा आणून जमिनीवर रेषा ओढली, भावाला पाय धरायला लावले आणि स्वतः जमिनीवर पालथी पडून दाखवू लागली. "आता पाहा. असं. हे बोट. कुठं आहे हे बोट?"

"अलीकडं आहे," मी म्हटलं. ते पलीकडं होतं, चांगलं पलीकडं.

ती तोंड धुताना भांडली, वेणी घालताना भांडली, डबा घेताना भांडली. नातू तिच्या बाजूनं, म्हातारी मुद्दाम माझ्या बाजूनं. नाक्यापर्यंत दोघं मला मधात घेऊन चालली, एक इकडून विमान सांगत होता, एक तिकडून रेषा. बस आली. चढताना कंडक्टरनं नातवाला विचारलं, आज पायी का? नातीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडली, "बाद नव्हती मी!"

"होती," मी खालून म्हटलं.

बस वळणापलीकडं गेली. मग आजूबाजूला कोणी नाही हे पाहून मोठ्यानं म्हटलं, "नव्हती." तेवढं म्हटल्यावर मला श्वास नीट आला.

घरी येऊन म्हातारीकडून फोन लावून घेतला. "बॅग रिकामी कर," मी सुनेला म्हटलं. "पोरं बसमध्ये आहेत."

"खरंच? काय बोलले तुम्ही त्यायले?"

"ते नाही सांगत," मी म्हटलं, आणि फोन म्हातारीच्या हातात देऊन टाकला.